सुट्टीचा दिवस आणि सुट्टीचा पगार

१८८१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात दोन कायदे झाले. एक परक्राम्य संलेखांचा, म्हणजे वचनचिठ्ठ्या, विनिमयपत्रे आणि धनादेश यांच्या देवघेवीचा. दुसरा कारखान्यांचा, आणि तो देशातला पहिला. पहिल्या कायद्याच्या २५व्या कलमात सार्वजनिक सुट्टी म्हणजे कोणता दिवस ते सांगितले आहे: रविवार, आणि सरकार राजपत्रातून जाहीर करील तो. एखाद्या चिठ्ठीची मुदत अशा दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशीच भरली असे धरावे, एवढ्यासाठी ही व्याख्या लागली. दुसऱ्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांच्या सुट्टीबद्दल त्यात अक्षरही नव्हते. पेढीवरच्या कागदाला त्या वर्षी रविवार मिळाला. गिरणीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला तो मिळायला आणखी नऊ-दहा वर्षे गेली, आणि सुट्टीचा पगार मिळायला तर दोन पिढ्या.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने छापलेल्या तारखा आजही बहुतेक याच २५व्या कलमाखाली ठरतात. केंद्राने १९६८च्या अधिसूचनेने तो अधिकार राज्याकडे सोपवला, आणि त्याखाली महाराष्ट्र शासन दरवर्षी यादी काढते. बँका आणि शासकीय कार्यालये त्याप्रमाणे बंद राहतात. खासगी कारखान्यात, दुकानात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला मात्र त्या यादीतून ना रजा मिळते, ना पगार. इंग्लंडातही असेच झाले. सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने १८७१ मध्ये तिथे जो कायदा आला तो बँकांच्या सुट्ट्यांचा होता, आणि भरपगारी रजेचा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. सुट्टी आणि सुट्टीचा पगार हे दोन वेगळे हक्क आहेत. ते वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या वाटांनी आले. पहिला मिळाला की दुसरा आपोआप मिळतो असे धरून चालल्यामुळेच दुसऱ्याचा लढा आपल्याकडे अर्धवट राहिला, असे मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहिल्यावर म्हणावे लागते.

कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराडी दाटली. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे काम उजेडाबरोबर सुरू होई आणि उजेडाबरोबर संपे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. सणावारी गिरणी बंद राही, पण आठवड्याच्या ठरलेल्या सुट्टीचा नियम नव्हता, आणि यंत्रे थांबली तरी ती पुसायला, तेलपाणी करायला माणसांना बोलावले जाई. या माणसांच्या बाजूने उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक होते. त्यांनी स्वतः गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केली होती, आणि १८८०पासून ‘दीनबंधु’ हे पत्र ते मुंबईतून चालवीत होते. मुंबई सरकारने कारखान्यांची स्थिती तपासायला आयोग नेमला तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ आणि भायखळा भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा जायबंदी झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय, अशा त्या मागण्या होत्या.

हा अर्ज सावकाश वाचण्यासारखा आहे. त्यात रविवार मागितला आहे, पण रविवारचा पगार मागितलेला नाही. काम न करता पगार ही कल्पनाच कामगारांना सुचली नव्हती म्हणावे, तर त्याच अर्जात जखमी कामगाराला घरी बसून पूर्ण पगार मागितला आहे. अपघाताची जबाबदारी मालकावर टाकता येत होती, कारण यंत्र मालकाचे होते. थकव्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र अजून कोणी ठरवले नव्हते. गिरणीतला पगारही तसाच मोजला जाई. विणकराला मालाप्रमाणे आणि इतर अनेकांना भरलेल्या दिवसांप्रमाणे. ज्या दिवशी कापड निघाले नाही आणि हजेरीही लागली नाही, त्या दिवसाला मालकाच्या वहीत रकानाच नव्हता. तरीही कामगारांनी सुट्टी मागितली, म्हणजे दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायची तयारी दाखवून त्यांनी ती मागितली. कामगारांनाच सुट्टी नको असते, त्यांना पैसा हवा असतो, असे तेव्हा सांगितले जाई आणि आजही सांगितले जाते. त्याला या साडेपाच हजार सह्यांइतके चोख उत्तर दुसरे नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणे केली, आणि त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कारखान्यांचा कायदा सुधारला गेला आणि आठवड्याची सुट्टी त्यात आली. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर बांधले गेले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा पडायला मात्र १९११ उजाडावे लागले. १० जूनचा विजय मोठाच होता. माणसाचा एक दिवस मालकाच्या हुकमतीबाहेर असतो, ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा मान्य झाली. पण त्या मान्यतेसाठी मालकाला पगारापोटी एक पैसाही जास्त मोजावा लागला नाही, हेही तितकेच खरे. रविवारचे मोल कामगाराने स्वतःच्या खिशातून दिले. लोखंड्यांचे आयुष्यही फार उरले नव्हते. फेब्रुवारी १८९७ मध्ये, मुंबईला प्लेगने घेरले असताना, त्याच साथीत ते गेले.

या इतिहासावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की कारखाना कायद्यामागे लँकेशायरच्या कापड गिरण्यांचा स्वार्थ होता. मुंबईचा माल महाग पडावा म्हणून त्यांनी इथल्या मजुरांचा कळवळा आणला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी याच कारणाने अशा कायद्यांना विरोध केला होता. लँकेशायरचा स्वार्थ खराच होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण परळच्या सभेतल्या माणसांना मँचेस्टरहून कोणी बोलावले नव्हते. दुसऱ्याच्या स्वार्थामुळे एखादी मागणी पुढे सरकली म्हणून मागणाऱ्याची गरज खोटी ठरत नाही. राष्ट्राच्या उद्योगाला धक्का बसू नये ही चिंता ज्यांना होती, त्यांनी त्या चिंतेचा भार सर्वांत कमी कमावणाऱ्यावर टाकला, आणि ‘दीनबंधु’ने तसे करायला नकार दिला. माझ्या मते न्याय ‘दीनबंधु’च्या बाजूला होता. दुसरा आक्षेप असा, की रविवार हा ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा दिवस, तो आपल्यावर लादला गेला. सरकारी कचेऱ्यांबाबत हे म्हणता येईल. गिरण्यांबाबत नाही, कारण तिथे तो दिवस कामगारांनी सहा वर्षे झगडून मिळवला. शिवाय महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्याला रविवार परका कधीच नव्हता. तो त्याच्या खंडोबाचा वार.

सुट्टी मिळाली तरी हिशेबाच्या वहीत सुट्टी आणि खाडा यांच्यात पैशाच्या दृष्टीने फरक नव्हता. दोन्ही दिवस बिनपगारी. फरक असलाच तर खाड्याच्या बाबतीत तो आणखी वाईट होता. मुंबईच्या गिरण्यांत दुहेरी खाड्याची रीत होती: एक दिवस न सांगता राहिलास तर दोन दिवसांचा पगार कापला जाणार. नागपंचमीला किंवा गौरी-गणपतीला गावी गेलेला कोकणी कामगार चार दिवस उशिरा परतला की आठ दिवसांची कमाई जाई. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने या रितीला लगाम घातला. गैरहजेरी जेवढ्या वेळाची, कपात तेवढ्याच प्रमाणात, असे त्याचे ९वे कलम सांगत होते. पण तिथेही एक अपवाद ठेवला गेला. दहा किंवा अधिक माणसे संगनमताने, पूर्वसूचना न देता कामावर आली नाहीत तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल. एकट्याच्या खाड्याला माफक शिक्षा आणि एकजुटीच्या खाड्याला जबर शिक्षा, असा तो कायदा होता.

पगार सुट्टीला जोडला गेला तो विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत, आणि त्याची सुरुवात गिरणीत झाली नाही, दुकानात झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा साप्ताहिक विश्रांतीचा करार १९२१चा. हिंदुस्थानने तो १९२३ मध्ये स्वीकारला, पण त्यात पगाराचे बंधन नव्हते. भरपगारी वार्षिक रजेचा करार संघटनेने १९३६ मध्ये केला. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने आणि आस्थापनांचा कायदा केला, तो देशात असा पहिला. आणि १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, साप्ताहिक सुट्टीचा केंद्रीय कायदा झाला. दुकाने, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे यांच्यापुरता, आणि तोही प्रांत लागू करील तिथेच, असा हा छोटा कायदा. पण त्याच्या ६व्या कलमात एक वाक्य असे आहे की त्यावर थांबायला हवे. सुट्टीच्या दिवसासाठी पगार कापायचा नाही, एवढे सांगून ते थांबत नाही. अशा दिवशी एरवी पगार मिळणार नाही याच बोलीवर माणूस नेमला असेल, तरीसुद्धा दुकान उघडे असते तर त्याला जे मिळाले असते ते द्यायचेच, असे ते सांगते. रोजंदारीवरच्या माणसाला ‘तुझी बोलीच तशी’ असे म्हणून परत पाठवण्याची वाट या वाक्याने बंद केली. १८८४च्या अर्जात जी गोष्ट मागायलाही जमली नव्हती, ती इथे कायद्याच्या भाषेत आली.

कारखान्यांत हे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते. १९४५च्या दुरुस्तीने बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कारखाना कामगाराला वर्षाला दहा दिवसांची आणि बालकामगाराला चौदा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९४८च्या कारखाना कायद्याने ती वाढवली, आणि १९५४च्या दुरुस्तीनंतर नियम असा झाला: वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. चार दिवस किंवा अधिक रजा मंजूर झाली तर तिचा पगार रजेवर जाण्याआधी हातात द्यायचा, असेही त्या कायद्यात होते. गावी जाताना व्याजाने पैसे काढणाऱ्या कामगाराला याचा उपयोग काय, हे निराळे सांगायला नको. तरीही त्याच कायद्याचे ५२वे कलम, जे आठवड्याची सुट्टी देत होते, त्या सुट्टीच्या पगाराबद्दल गप्प होते. ती उणीव त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्याने काही प्रमाणात भरली. विश्रांतीच्या दिवसाचाही मोबदला ठरवता येईल असे त्याने म्हटले. महिन्याच्या पगाराला तिसाने न भागता सव्विसाने भागून रोज काढण्याची रीत पुढे रुळली. तिचा अर्थ असा, की चार रविवारांचा मोबदला सव्वीस दिवसांच्या कामातच धरलेला आहे.

राष्ट्रीय दिवस आणि सण यांचे काय? १९४८च्या कारखाना कायद्यात २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट यांचा उल्लेखही नव्हता. ही जागा राज्यांनी आपापल्या परीने भरली. मद्रास आणि केरळने १९५८ मध्ये, म्हैसूरने १९६३ मध्ये, पंजाबने १९६५ मध्ये औद्योगिक आस्थापनांसाठी राष्ट्रीय आणि सणाच्या भरपगारी सुट्ट्यांचे स्वतंत्र कायदे केले. कामगार चळवळीचे माहेर असलेल्या मुंबईत मात्र कारखान्यांपुरती भिस्त करारांवर आणि न्यायाधिकरणांच्या निवाड्यांवर राहिली. भरपगारी रजा आणि सुट्ट्या हा १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात विवादाचा मान्य विषय होता, आणि त्यात बदल करायचा तर मालकाला आधी नोटीस द्यावी लागे. साठच्या दशकात मुंबईतल्या कंपन्यांचे सुट्ट्यांचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांची संघटना बळकट होती त्यांना चांगल्या सुट्ट्या मिळाल्या, आणि ज्यांची संघटनाच नव्हती ते मालकाच्या मर्जीवर राहिले. दुकानांच्या बाबतीत २०१७चा महाराष्ट्राचा कायदा स्पष्ट बोलतो. वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या, त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, बाकी चार सण मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायचे. पण हा कायदा झाला तेव्हाच तो दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता होता. चार माणसांच्या किराणा दुकानातला मुलगा त्याच्या बाहेर राहिला.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की या देशात सुट्ट्या आधीच फार आहेत, आणखी सुट्ट्या म्हणजे उत्पादनाला खीळ. हा आक्षेप घेणारे सरकारी यादी मोजतात आणि राग खासगी कामगारावर काढतात. सरकारी यादीतल्या बहुतेक तारखा त्याच्या वाट्याला येतच नाहीत. उत्पादनाचा मुद्दा इतिहासाने तपासून झालेला आहे. आठवड्याचे काम १९२२ मध्ये साठ तासांवर आले, १९३४ मध्ये चोपन्न तासांवर, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांवर. यांपैकी कोणत्याही पायरीने मुंबईच्या गिरण्या बुडवल्या नाहीत. त्या मोडकळीला आल्या त्या पुढे, १९८२च्या संपानंतर. तोवर यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती आणि गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला जास्त भाव आला होता. रविवारच्या सुट्टीचा त्यात हात नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्याला एक मालकच नाही, जो आज इथे तर उद्या तिथे काम करतो, त्याला सुट्टीचा पगार द्यायचा कोणी? हमालाचे काम पाठीवरच्या ओझ्याप्रमाणे मोजले जाते आणि दिवसात दहा व्यापाऱ्यांकडे होते. याला महाराष्ट्रानेच उत्तर शोधले. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून १९६९चा माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्या पैशातून मंडळाने हमालाला भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा आणि सुट्टीचा पगार द्यायचा. मालक अनेक असले तरी हक्क एकच राहतो, हे त्या मंडळांनी व्यवहारात करून दाखवले. त्यामुळे जिथे सुट्टीचा पगार मिळत नाही तिथे तो देता येत नाही म्हणून मिळत नाही, असे महाराष्ट्राला तरी म्हणता येणार नाही. हक्क हुकतो तो मुस्टरवर नाव आहे की नाही या प्रश्नावर. गिरणीच्या दाराशी रोज सकाळी उभा राहणारा बदली कामगार बरीच वर्षे काम करूनही २४० दिवस भरू शकत नसे, आणि म्हणून त्याची भरपगारी रजा हुके. कंत्राटी कामगाराला मध्येच खंड देऊन तेच आज साधले जाते. २०२०च्या कामगार संहितेने २४० दिवसांची अट १८०वर आणली ही चांगली गोष्ट आहे, पण खंड देणाऱ्याला तेवढ्याने अडवता येत नाही. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणी संपावर गेल्या, त्या पगारवाढीबरोबर महिन्यातून दोन भरपगारी सुट्ट्यांसाठीही. घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा आजही अनेक घरांत तारीख लिहून कापला जातो. तिच्यासाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, सुट्टीचा मात्र झाला नाही.

सर्वांना एक दिवसाची भरपगारी सुट्टी देणारा कायदा लिहिणे अवघड आहे का? तो लिहिलेला आहे. १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३५ब हे कलम घातले गेले. मतदानाच्या दिवशी कोणत्याही धंद्यात, उद्योगात वा आस्थापनेत नोकरीला असलेल्या प्रत्येक मतदाराला सुट्टी द्यायची, तिच्यासाठी पगार कापायचा नाही, आणि एरवी अशा दिवसाचा पगार मिळणार नाही या बोलीवर माणूस नेमला असला तरी त्याला तो द्यायचाच. रोजंदारीवरचा माणूस त्यातून वगळलेला नाही, आणि आस्थापनेत किती माणसे आहेत हे विचारलेले नाही. १९४२च्या कायद्यातले ते वाक्य चोपन्न वर्षांनी जवळजवळ तसेच परत आले. फरक एवढाच, की या वेळी ते सर्वांसाठी आले, कारण गरज राज्याची होती. मत देण्यासाठी जो हक्क प्रत्येकाला देता येतो तो प्रजासत्ताक दिनासाठी, स्वातंत्र्य दिनासाठी, गांधी जयंतीसाठी आणि ज्या दिवशी महाराष्ट्र राज्य आणि कामगार दिन एकत्र साजरे होतात त्या १ मेसाठी देता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १३५बची हीच शब्दरचना घेऊन या चार दिवसांसाठी एक छोटा कायदा करावा. आस्थापनेत एक माणूस असो वा हजार, नाव मुस्टरवर असो वा नसो, त्या चार दिवसांचा पगार त्याच्या हातात पडावा, आणि ज्याला एक मालक नाही त्याच्यासाठी माथाडी मंडळांसारखी लेव्हीची सोय असावी.